परवाना आणि अधिकार

आपल्या भाषेत 'अधिकार' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. कचेरीत त्याचा अर्थ हक्क असा होतो. पाठशाळेत आणि गाण्याच्या बैठकीत तोच शब्द योग्यता या अर्थाने येतो. पुराणिकबुवांचा भागवतावर अधिकार आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांना कोणी सनद दिली असे आपल्याला सुचवावयाचे नसते. त्या ग्रंथाची त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली, एवढेच म्हणावयाचे असते. कायदा पहिल्या प्रकारचा अधिकार देऊ शकतो. दुसरा ज्याचा त्यानेच मिळवावा लागतो. ह्या दोहोंतील अंतर जिवावर कसे बेतते हे पाहावयाचे असेल, तर मोठ्या मोटारसायकलीचा इतिहास चाळावा.

विषय वरवर पाहता आमच्या वाचकांस परका वाटेल. परंतु बेळगावहून चोर्ला घाट उतरून मंगेशी-म्हार्दोळच्या दर्शनास दुचाकीवरून येणारी तरुण मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो तसा वाटू नये. शंभर सी.सी.च्या गाडीवर शिक्षणाची वर्षे काढलेला मुलगा नोकरी लागताच लांब प्रवासाची अवजड गाडी घ्यावयाची म्हणतो, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना 'हो' म्हणावे की 'नाही', हे उमगत नाही. हाच प्रश्न निरनिराळ्या देशांपुढे गेली साठ वर्षे उभा आहे.

लांब प्रवासाच्या मोठ्या गाडीचे आजचे रूप ठरविण्यात होंडा कंपनीच्या 'गोल्ड विंग'चा वाटा मोठा आहे. ती १९७४ साली जर्मनीतील कोलोन येथल्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. ९९९ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, ते थंड ठेवण्यास पाणी, मागील चाकास गती देण्यास साखळीऐवजी फिरता दांडा, आणि भार खाली राहावा म्हणून बैठकीखाली पेट्रोलची टाकी, अशी तिची रचना होती. १९८८ साली तिला सहा सिलिंडरांचे १५२० सी.सी.चे इंजिन मिळाले, आणि त्याबरोबर मागे सरकण्याची सोयही आली. त्यासाठी इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरीचाच उपयोग करण्यात आला. ही सोय म्हणजे निर्मात्यानेच दिलेली एक कबुली होय: गाडी आता इतकी जड झाली आहे, की तिच्यावर बसून ती पायांनी मागे रेटणे धडधाकट माणसालाही अवघड जावे. आपल्याकडील नेहमीच्या शंभर सी.सी.च्या गाडीचे वजन सव्वाशे किलोहून कमी भरते. ही गाडी साडेतीनशे किलोंच्या घरातली.

अशा यंत्रावर कोणी बसावे, हे ठरविण्याचा प्रयत्न इंग्लंडने लवकर केला. तेथे १९६१ पर्यंत नवशिक्यास कोणतीही मोटारसायकल मोकळी होती. त्या वर्षी त्याच्यासाठी २५० सी.सी.ची मर्यादा घातली गेली. परंतु कायद्याने इंजिनाचा आकार मोजला, शक्ती मोजली नाही. कारखानदारांनी त्याच आकारात अधिकाधिक शक्ती भरली, आणि १९८० च्या सुमारास २५० सी.सी.च्या काही गाड्या ताशी शंभर मैलांच्या आसपास धावू लागल्या. तेव्हा १९८३ साली मर्यादा १२५ सी.सी.वर आणून तिला शक्तीच्या मर्यादेचीही जोड द्यावी लागली. युरोपीय संघाने २०१३ पासून जे नियम लागू केले, त्यांत हा धडा गिरविलेला दिसतो. तेथे पायऱ्या किलोवॉटमध्ये मोजल्या जातात: पहिली ११ किलोवॉटची, दुसरी ३५ ची, आणि दुसरीवर दोन वर्षे काढल्यावर तिसरी, जिला मर्यादा नाही. थेट तिसरीवर जाणाऱ्यास सामान्यतः वयाची चोविशी गाठावी लागते.

जपानची रीत आम्हांस अधिक मार्मिक वाटते. तेथे १९७५ पासून ४०० सी.सी.पुढील गाडीसाठी वेगळा परवाना लागू लागला. १९९६ पर्यंत तो शिकवणी-शाळेतून मिळत नसे. सरकारी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागे, आणि तीत फार थोडे उत्तीर्ण होत. ह्या परीक्षेत पंधरा मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद अशा फळीवरून जावे लागते. उमेदवाराने ती लवकर ओलांडावी अशी अपेक्षा नसते. उलट, मोठ्या गाडीवाल्याने तीवर किमान दहा सेकंद काढावयाचे असतात, म्हणजे पायी चालणाऱ्याच्या गतीने तोल सांभाळीत जावयाचे. शिकवणीत आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलून उभी करण्याचाही पाठ असतो. हमरस्त्यावर वेगात असलेली गाडी आपला तोल बव्हंशी आपणच राखते; स्वाराची खरी कसोटी लागते ती वळणावर, चढावर थांबताना आणि गर्दीत.

अनुभव म्हणजे नेमके काय, ह्याचा उत्तम खुलासा अमेरिकेत झाला. प्राध्यापक हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली; तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वार आपले आपणच, अथवा घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी, की त्यांचा रस्त्यावरील एकूण अनुभव सुमारे तीन वर्षांचा असूनही, ज्या गाडीवर अपघात झाला तिचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांना पाच महिन्यांचाही नव्हता. अनुभव ही बँकेतील ठेव नव्हे, की एका खात्यातून दुसऱ्यात वळती करावी. संकटसमयी मागचा ब्रेक अतोनात दाबून चाक घसरू देणे आणि पुढचा पुरेसा न वापरणे, ही चूकही त्या अहवालात वारंवार दिसते. आपल्याकडे हलक्या गाडीवर शिकलेल्या पुष्कळांचा हात पुढच्या ब्रेकास भितो. वस्तुतः गाडी थांबू लागली की भार पुढे सरकतो, आणि पुढचे चाकच तिला थांबविते. गाडी जितकी वेगवान व जड, तितकी ही जुनी सवय महाग पडते.

आता आपल्याकडे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलींचे वर्ग दोनच: गियरची आणि बिनगियरची. ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीसाठी सोळा वर्षे आणि पुढील सर्वांसाठी अठरा, एवढाच वयाचा भेद. शिकाऊ परवान्यावर तीस दिवस काढून शंभर सी.सी.च्या गाडीवर परीक्षा दिलेला तरुण दुसऱ्या दिवशी अठराशे सी.सी.च्या गाडीवर कायदेशीरपणे बसू शकतो. ह्या मौनाने पूर्वी फारसे बिघडत नव्हते, कारण १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली ३५० सी.सी.ची 'बुलेट' हीच सामान्य माणसाच्या आवाक्यातील मोठी गाडी होती. कायद्याने जी मर्यादा घातली नाही, ती बाजारानेच घातली होती. २००७ साली अमेरिकेने आपल्या आंब्यास दार उघडले, आणि त्याच सुमाराच्या व्यापारी वाटाघाटींत भारताने ८०० सी.सी. व त्याहून मोठ्या गाड्यांच्या आयातीस वाट दिली. बाजाराची मर्यादा गेली. कायद्याचे मौन तसेच राहिले. अपघात झालाच, तर विमा कंपनी चालकाकडे त्या वर्गाचा परवाना होता काय, हे विचारते. तो असतो. अधिकार होता काय, हे परवान्यावर लिहिलेले नसते.

म्हणून कायद्याने न बांधलेली पायरी घराने बांधावी, असे आम्ही सुचवितो. मुलाचा उत्साह मोडण्याचे कारण नाही. थेट नकार दिल्यास तो मित्राची गाडी मागून नेईल, आणि अनोळखी गाडीवरच बसेल. त्याने आधी ३५० सी.सी.च्या आसपासच्या गाडीवर निदान एक पावसाळा काढावा. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात की नाही, हे पाहावे. रिकाम्या पटांगणात पायी चालण्याच्या गतीने वळणे घ्यावीत, आणि मागे माणूस बसवून, सामान लादून पुन्हा तीच घ्यावीत. हातात ब्रेकचे तारतम्य येईपर्यंत घाट वर्ज्य समजावा. गोव्यातील भाड्याच्या मोटारसायकलीवरचा 'पायलट' लहानशाच गाडीवर मागे उतारू घेऊन अरुंद वाटांनी रोज हेच करीत असतो. त्याच्या मागे निर्धास्त बसताना त्याचा परवाना आपण कधी मागितलेला नसतो.