कंठस्थ धर्म

धर्माचा इतिहास केवळ ग्रंथांवरून लिहिण्याची विद्वानांस खोड जडली आहे. ख्रिस्ती संप्रदायाच्या पहिल्या चार शतकांकडे पाहतां ही रीत अपुरी ठरते, असें आम्हांस वाटतें. त्या काळीं बहुतेक अनुयायी निरक्षर होते. पोथी हातानें नकलावी लागे, म्हणून ती दुर्मिळ. अशा समाजांत उपदेश टिकला तो मुख्यतः मुखपाठानें, आणि मुखपाठास बळ आलें तें गाण्यानें.

याची साक्ष परक्याच्या लेखणींतून मिळते. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी यानें बादशहा ट्राजन यास कळविलें कीं, हे लोक ठराविक दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमून ख्रिस्तास देव मानून आळीपाळीनें स्तोत्र म्हणतात. याहून जुना दाखला पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. त्यांतील ख्रिस्ताच्या नम्रतेविषयींचा उतारा हें आधींच रूढ असलेलें स्तोत्र असावें, असें अनेक पंडितांचें मत आहे. तें खरें असल्यास, मंडळींत ऐक्य राखण्याचा उपदेश करतांना पौलासारख्या विद्वानानेंहि लोकांच्या गाण्याचाच आधार घेतला, असें म्हणावें लागतें.

परंतु गाण्याची ही शक्ति सर्वच पक्षांस सारखी उपयोगी पडते. एडेसा येथें बर्दैसान (इ. स. १५४–२२२) यानें आपलीं मतें गीतांतून पसरविलीं. अलेक्झांड्रियांत एरियसानें खलाशी, दळणारे व वाटसरू यांच्यासाठीं पदें रचल्याची नोंद आहे. सनातन पक्षाचा सिरियाक कवि एफ्रेम (मृत्यु इ. स. ३७३) यानें जाणलें कीं, गाण्यास उत्तर गाण्यानेंच दिलें पाहिजे. त्याच्या ‘मद्राशा’ नांवाच्या रचनांत कडव्यामागून ध्रुवपद येई, व तें समुदाय उचलून धरी. त्यानें स्त्रियांस गावयास शिकविलें, याचा सरूगच्या याकोबानें गौरवानें उल्लेख केला आहे. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांच्या मुखीं अशा रीतीनें सूक्ष्म सिद्धान्त बसले.

आतां दैवगति पाहा. एफ्रेमचीं पदें हस्तलिखितांत राहिलीं, त्यांवर चालींचीं नांवेंहि आहेत. मूळ चाली मात्र लोपल्या. स्वरलिपीसह उरलेलें सर्वांत जुनें ख्रिस्ती स्तोत्र ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथें सांपडलेल्या, तिसऱ्या शतकाच्या अखेरच्या पपायरसावर आहे. तें १९२२ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या सुरांनीं शब्द तारले, ते सूर असे बहुतेक बुडाले. उरलेले शब्द वाचतांना इतिहासकारानें तें ऋण स्मरावें, एवढेंच आमचें मागणें आहे.