नागलीचं सत्व आणि लोहाचा हिशोब

आमच्या नाशकात बाळाचं उष्टावण आटोपलं की पहिला प्रश्न येतो, "नागलीचं सत्व केलं का गं?" (कोकणातली मंडळी तिला नाचणी म्हणतात, धान्य तेच.) पाठोपाठ हल्ली अजून एक वाक्य येतं, "भरपूर लोह असतं त्यात!" भाचीच्या उष्टावणाला हे इतक्या जणांकडून ऐकलं की माझ्यातला इंजिनियर जागा झाला. म्हटलं, जरा इतिहास उकरून बघू.

तर मंडळी, नागली मूळची इथली नाहीच. हजारो वर्षांपूर्वी ती पूर्व आफ्रिकेतून भारतात आली. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकच्या डोंगरउतारांवर ती रुजली. तिथे मोठ्यांची भाकरीही तिचीच आणि बाळाची पेजही तिचीच.

सत्वाची कृती तुम्ही घरी पाहिली असेल. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून मंद भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. कारण विचारलं तर आज्यांचं उत्तर एकच, "पचायला हलकं." लोह, कॅल्शियम हे शब्द पुढे पोषणाच्या तक्त्यांबरोबर घरात आले.

आज्यांचं म्हणणं प्रयोगशाळेतही टिकलं. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी मोड आणलेल्या धान्याच्या पिठावर काम केलं. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं आणि ते स्टार्च तोडतं. असं थोडंसं पीठ घातलं तरी घट्ट खीर पातळ होते, म्हणजे पाणी न वाढवता बाळाच्या इवल्याशा पोटात जास्त अन्न जातं. शिवाय लोह अडवून धरणारं फायटेट मोडांमुळे कमी होतं.

आता लोहाचा हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात १०० ग्रॅम नागलीत सुमारे ४.६ मिलिग्रॅम लोह आहे, बाजरीत सुमारे ६.४. बाळ दिवसाला २५ ग्रॅम पीठ खाईल, म्हणजे जेमतेम १ मिलिग्रॅम. त्यातलं थोडंच अंगी लागतं. वर वस्त्रगाळ करताना कोंड्याबरोबर आणखी काही लोह निघून जातं.

हे महत्त्वाचं का? कारण जन्मताना आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ५८.६ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ६७.१ टक्के. ही फक्त गरिबांघरची गोष्ट समजू नका.

म्हणून सत्व जरूर करा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. कापडाऐवजी बारीक चाळणी वापरा. जोडीला मसूर, मूग, बाजरी, पालेभाजी द्या, वरणात लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चालत असेल तर अंडं आणि शिजवून बारीक केलेलं मटणही द्या. २०१८च्या ॲनिमिया मुक्त भारत योजनेत सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आहे, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

मोड आणायची आज्यांची युक्ती मात्र तशीच ठेवा. तिला पर्याय नाही!