गळ, आमिष आणि नाव : मत्स्यविनोदाच्या उपदेशवाङ्मयाचा एक तौलनिक विचार

१

गळाने मासा कसा धरावा हे नवशिक्याला समजावून सांगणारे लेखन वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत सहसा येत नाही. काठी किती लांब असावी, दोरी किती जाड घ्यावी, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे या सूचना व्यवहारापुरत्या मानल्या जातात आणि व्यवहार बदलला की विसरल्याही जातात. तथापि अशा सूचनांची परंपरा दीर्घ आहे. ती संस्कृत, इंग्रजी, मराठी आणि कन्नड या भाषांच्या सीमा ओलांडून वाहत आली आहे, आणि तिचे एक टोक आजच्या बेंगळुरूपाशी येऊन पोहोचते. या परंपरेने हाताला काय शिकविले आणि काय शिकवायचे राहून गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बेंगळुरूचा संदर्भ प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९७२ मध्ये या शहरात ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. तिने कावेरी नदीचा काही पट्टा भाडेपट्ट्याने घेऊन तेथे राखण बसविली आणि गळाने धरलेला मासा जिवंत परत सोडण्याचा पायंडा रुजविण्यास हातभार लावला. पुढे कर्नाटक शासनाच्या ‘जंगल लॉजेस’ या उपक्रमाने भीमेश्वरी, गालिबोरे आणि दोड्डमक्कळी येथे नदीकाठी तळ उभारले. शहरातून शंभरएक किलोमीटरवरील या तळांवर देशी-परदेशी हौशी लोक येत. त्यांचे लक्ष्य एकच असे, ते म्हणजे महाशीर. याच नदीच्या काबिनी या उपनदीत १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका सदस्याने १२० पौंड वजनाचा महाशीर गळाने धरल्याची नोंद आहे. त्या नोंदीचे आकर्षण पुढील अनेक दशके टिकून राहिले.

या तळांवर नवख्या माणसाला मिळणारा उपदेश वरवर पाहता इंग्रजी होता. रीळ, रॉड, लाइन हे शब्द इंग्रजी; ग्रंथही इंग्रजी. त्यामुळे करमणुकीसाठी गळ टाकणे ही वासाहतिक काळाची देणगी होय, असा समज सहज होतो. हा समज तपासण्यासाठी बेंगळुरूहून उत्तरेकडे, आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणकडे, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीकडे वळावे लागते.

२

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे ११३० मध्ये, ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा कोशसदृश संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींत त्याची मांडणी आहे. मराठीच्या अभ्यासकांना तो प्रामुख्याने ‘गीतविनोदा’तील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. दशावतारांच्या त्या पदांत मत्स्यावतारही येतो. त्याच विंशतीत, गीतविनोदाच्या थोडे आधी, ‘मत्स्यविनोद’ हा अध्याय आहे याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. एकाच ग्रंथाच्या एकाच भागात मासा एकदा वेद तारणारा देव म्हणून येतो आणि एकदा राजाच्या गळाचे सावज म्हणून येतो. या दोहोंमध्ये ग्रंथकाराला विसंगती जाणवत नाही.

मत्स्यविनोदाची रचना पाहण्याजोगी आहे. सोमेश्वर आरंभ माशांपासून करतो. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान असे वर्ग पाडून तो सुमारे पस्तीस प्रकारचे मासे सांगतो. कोणता मासा काय खातो हे त्यापाठोपाठ येते, आणि त्याच्या जोडीला काठी, दोरी, गळ आणि आमिष यांचा विचार होतो. माशांना त्यांच्या जातीप्रमाणे खाणे घालून एका जागी आणावे व मग गळ टाकावा, असा या उपदेशाचा आशय आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गळाने मासे धरण्याच्या छंदाचे भारतातील इतके जुने आणि इतके पद्धतशीर विवेचन यामुळे प्रकाशात आले. ग्रंथाच्या संपादनाचा इतिहासही सूचक आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी आणि म्हैसूरहून आर. शामशास्त्री यांनी तो विसाव्या शतकात संपादित केला. म्हणजे एकाच ग्रंथावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विद्यापरंपरांचा हात फिरला.

३

इंग्रजीतील या प्रकारचे पहिले छापील लेखन १४९६ चे आहे. शिकार आणि कुलचिन्हे यांविषयीच्या एका मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरील एक प्रबंध समाविष्ट केला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर आहे, पण हे कर्तृत्व संशयास्पद मानले जाते. त्यातील सूचना कमालीच्या नेमक्या आहेत. सुई तापवून, वाकवून गळ कसा करावा. घोड्याच्या केसांची दोरी पाण्याच्या रंगाप्रमाणे कशी रंगवावी. लहानशा माशाला एका केसाची आणि सॅमनला पंधरा केसांची दोरी कशी घ्यावी. आपली सावली पाण्यावर पडू न देता काठापासून दूर कसे उभे राहावे, हे सारे तेथे आहे. हा प्रबंध स्वतंत्र स्वस्त पुस्तिकेच्या रूपात न काढता मोठ्या ग्रंथात घातला, तो आळशी व अविचारी लोकांच्या हाती पडून नद्या ओस पडू नयेत म्हणून, असे कारणही तेथे दिले आहे. ज्ञान देतानाच ते कोणाला द्यावे याची चिंता येथे दिसते. सोमेश्वराला ती करावी लागली नाही, कारण त्याचा शिकाऊ वाचक राजाच होता.

१६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन याने हाच उपदेश संवादरूपात मांडला आणि तंत्राला चिंतनाची जोड दिली. या दोन्ही ग्रंथांचा वारसा घेऊन हेन्री सलिव्हन टॉमस हा मद्रास इलाख्याचा मुलकी अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्यात आला. त्याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये मंगळूरला छापला गेला. तळ्यांतील मासेमारीवरील त्याचे वेगळे पुस्तक १८८७ चे आहे. कर्नाटकातील असंख्य तलाव पाहिले की अशा पुस्तकाची गरज का भासली असावी हे ध्यानी येते.

टॉमसचा वाचक म्हणजे विलायतेहून आलेला, ट्राउट आणि सॅमनची सवय असलेला तरुण अधिकारी. महाशीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात; तरीही त्याच्या तोंडाची पकड इतकी जबरदस्त असते की साधा गळ दबून निकामी होतो. गळ लागताच तो प्रवाहातून सुसाट धाव घेतो, म्हणून दोरी भरपूर हवी आणि ती सुटत राहिली पाहिजे. अशा सूचना विलायती सवय मोडण्यासाठी होत्या. उपदेशाचे मर्म मात्र सोमेश्वराच्या उपदेशाहून वेगळे नाही. मासा काय खातो हे आधी जाणावे आणि साहित्याची निवड त्यानंतर करावी.

टॉमसला ‘मत्स्यविनोदा’ची माहिती असण्याचा संभव नव्हता, श्रीगोंदेकरांची आवृत्ती त्याच्या ग्रंथानंतर अर्ध्या शतकाने आली. म्हणून येथे प्रभावाचा नव्हे, तर साधर्म्याचा विचार करावयाचा आहे. पाणी एका बाजूला आणि हात दुसऱ्या बाजूला असताना मधले ज्ञान एकाच क्रमाने येते, असे या साधर्म्यावरून म्हणता येईल. आजही नवशिक्याने हाच क्रम पाळावा. बाजारातून महाग काठी आणण्यापूर्वी त्या पाण्यात कोणता मासा आहे आणि त्या ऋतूत तो काय खातो हे विचारावे. गळ माशाच्या तोंडाच्या मापाचा असावा. दोरी माशाच्या बळाला पुरेल एवढी, पण त्याच्या नजरेत न भरेल इतकी असावी. काठावर पावले जपून टाकावीत; मासा लागल्यावर खेचण्याची घाई न करता त्याला दमू द्यावे.

४

परंतु ‘विचारावे’ असे म्हटले की ‘कोणाला’ हा प्रश्न उभा राहतो, आणि येथे ही सारी परंपरा अडखळते. राजा सोमेश्वराने पस्तीस मासे स्वतः पाण्यात उतरून ओळखले असतील हे संभवत नाही. कोणत्या माशाला कोणते खाणे रुचते हे ज्ञान पाण्यावर पोट असलेल्यांचेच असणार. कावेरीच्या तळांवर महाशीरासाठी सर्वांत प्रसिद्ध आमिष होते ते नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा. विलायती पेटीत ते नव्हते. ते त्या काठावरच्या स्वयंपाकघरातून आले. वेताच्या गोल होडीतून, म्हणजे कन्नडमधील हरिगोलूतून, पाहुण्याला योग्य डोहापाशी नेणारे वाटाडे त्याच गावांतले होते. त्यांच्यातील काही जण पूर्वी जाळ्याने किंवा सुरुंगाने मासे मारीत आणि पुढे त्याच माशांचे राखणदार झाले. ग्रंथांच्या मुखपृष्ठावर यांपैकी कोणाचेही नाव नाही.

मराठी भाषेने हे ज्ञान आपल्या परीने जपले आहे. किनाऱ्यावर गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. फेकजाळ्यासाठी ‘पाग’ हा वेगळा शब्द आहे. मात्र गरवण्यावर राजाच्या मत्स्यविनोदासारखा ग्रंथ मराठीत रचला गेला नाही. ग्रंथरूपात गळ आला तो उपमान म्हणून. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये मासाही आहे. जिभेच्या लोभाने तो गळाला लागतो, हा त्याचा धडा. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतावरील टीकेतून हा मासा मराठी वाचकाच्या घरी पोहोचला. सोमेश्वर आमिषाकडे हाताच्या बाजूने पाहतो, तर संतपरंपरा माशाच्या बाजूने. तंत्रग्रंथ आणि भक्तिग्रंथ यांची ही दोन टोके समोरासमोर ठेवल्याशिवाय गळाचा भारतीय वाङ्मयेतिहास पूर्ण होणार नाही.

५

या उपेक्षेची किंमत अखेर माशाला मोजावी लागली. पुण्याच्या परिसरातील नद्यांचा अभ्यास करताना लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि स्थानिक नावेच लॅटिन परिभाषेत बसविली. मुळा-मुठेतील महाशीर ‘खुद्री’ झाला, तर घोड नदीतील दुसरा एक मासा ‘मुसुल्ला’ झाला. कावेरीत मात्र पाठीला उंच कुबड असलेला, सोनेरी झाक असलेला एक महाकाय महाशीर होता. हौशी मासेमार दीडशे वर्षे त्याच्यामागे होते, पण त्याला निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. पुढे त्याला ‘मुसुल्ला’ हे नाव जोडले गेले. ते चुकीचे होते, कारण साइक्सचा तो मासा महाशीर नव्हेच असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले.

१९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महाशीराच्या कृत्रिम पैदाशीचे मोलाचे काम हाती घेतले. महाशीर वाचावा हाच तिचा हेतू होता. तेथे वाढलेली खुद्रीची पिल्ले देशातील अनेक जलाशयांप्रमाणे कावेरीच्या खोऱ्यातही गेली. गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. ॲड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. माशांची संख्या वाढली होती, सरासरी आकार घटला होता आणि कुबडाचा महाशीर नोंदींतून जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याची जागा खुद्रीने घेतली होती. दरम्यान, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अन्वयार्थावरून २०१० नंतरच्या काही वर्षांत अभयारण्यातील हे तळ हौशी मासेमारीस बंद झाले आणि त्याबरोबर नोंदीही थांबल्या.

२०१८ मध्ये कुबडाच्या महाशीराची ओळख अखेर पटली. केरळातील पांबार नदीतून आधीच वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. पांबारचे पाणी अमरावतीमार्गे कावेरीलाच मिळते. ओळख पटताच आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. नावाअभावी त्याआधी तो या यादीत येऊच शकला नव्हता.

येथे उपदेशवाङ्मयाच्या इतिहासातील एक उणीव स्पष्ट होते. इंग्रजी परंपरा गळाच्या पोलादाबद्दल आणि दोरीच्या लांबीबद्दल विलक्षण काटेकोर राहिली. सोमेश्वराने ज्या ठिकाणी आरंभ केला, म्हणजे माशांच्या जाती ओळखून त्यांची नावे सांगणे, तेथे मात्र ती ढिली पडली. सगळेच ‘महाशीर’ या एका शब्दात सामावले गेले. काठावरच्या गावांत या दोन माशांना वेगळे ओळखणारे डोळे होते. त्यांची भाषा ग्रंथांत आली असती, तर एकाची जागा दुसरा घेत आहे हे कदाचित फार आधी कळले असते. त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की हा ऱ्हास उघड झाला तो तळांवरच्या नोंदवह्यांमुळेच. आपली करमणूक लिहून ठेवणाऱ्यांनी नकळत नदीचा इतिहास लिहिला होता.

म्हणून नवशिक्याला द्यावयाचा पहिला सल्ला आजही तोच राहील, जो बाराव्या शतकात कल्याणीला दिला गेला : आधी मासा ओळखा. त्याला आता एकच जोड द्यावी लागेल. त्याचे नाव काठावरच्या माणसाला विचारा, आणि ज्याने सांगितले त्याच्या नावासह ते लिहून ठेवा.