ऐनाच्या सालीपासून नायलॉनपर्यंत: सुरत किनाऱ्यावरचे मासेमारीचे सामान

सुरतेच्या किनाऱ्यावरचे मासेमारीचे सामान मुळात भरती-ओहोटीने ठरवले. खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो. तापीच्या मुखाजवळ तो पाच-सहा मीटरांच्या घरात असतो. पाणी बारमाही गढूळ, तळ चिखलाचा आणि प्रवाहाला जबरदस्त ओढ. अशा समुद्रात माशांच्या मागे धावण्यापेक्षा जाळे एका जागी पक्के करून मासे पाण्याबरोबर आत येऊ देणे शहाणपणाचे. डोल हे जाळे याच हिशेबाने झाले. हाजिरा, सुवाळी, डुमसपासून खाली उमरगाव, डहाणू, सातपाटी आणि वर्सोव्यापर्यंत, आणि आखाताच्या पलीकडे जाफराबाद, नवाबंदरलाही, ते चालत आले आहे.

डोल म्हणजे निमुळती होत जाणारी लांबलचक पिशवी. तिचे तोंड तळात ठोकलेल्या खुंटांना बांधतात आणि वरची बाजू तरंगती राहावी म्हणून पूर्वी लाकडी पिंपे लावत. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचे भोक, एवढा मोठा की माणसाचा हात सहज आत जावा, आणि शेपटाकडे तो बारीक होत होत बोटही जाणार नाही इतका. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली असे प्रवाहाबरोबर वाहणारे लहान जीव त्यात साठतात. पाणी थांबले की शेपूट उचलायचे, गाठ सोडायची, मासळी होडीत ओतायची आणि प्रवाह उलटला की जाळ्याचे तोंड फिरवायचे. डोलीचे काम उधाणाचे. भांगाच्या दिवसांत प्रवाहाची ओढ मंदावते, तेव्हा जाळी किनाऱ्यावर येतात आणि वाळवण्या-सांधण्याचे काम निघते.

समुद्रात न जाताही इथे मासेमारी होते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात निवटी बिळे करून राहते. सुरतेकडे तिला लेवटा म्हणतात आणि आवडीने खातात. चिखलावरून चालत जायचे आणि बिळात हात घालून मासा काढायचा, एवढेच काम; याला सामान जवळपास लागतच नाही. गोठलेल्या तळ्यावर चालत जाऊन बर्फाला भोक पाडून गळ सोडणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या लोकांची रीत ऐकायला नवलाची वाटते, पण पायाखालच्या भोकातून मासा काढण्याची कल्पना सुरतेच्या किनाऱ्याला परकी नाही. फरक सामानाच्या ढिगात आहे, आणि तो पुढे येईलच.

या किनाऱ्यावर माच्छी, खारवा, कोळी आणि मांगेला समाज मासेमारी करत आले. मांगेल्यांची बोली मराठीची. पालघर, डहाणूपासून उमरगाव-वलसाडपर्यंत त्यांची गावे पसरली आहेत, त्यामुळे सामानाची बरीचशी भाषा राज्याच्या सीमेला जुमानत नाही. यांत्रिक होड्या येण्यापूर्वीच्या घरात विकत आणायच्या वस्तू मोजक्या होत्या. जाळ्यासाठी ताग, म्हणजे सण (बंगालचा ज्यूट नव्हे), आणि बारीक जाळ्यांसाठी कापसाचे सूत. दोरखंडांसाठी मलबारकडून येणारा काथ्या. होडीसाठी डांगच्या जंगलातला साग, जो बिलिमोऱ्याच्या बंदरातून बाहेर जात असे. जहाजबांधणीत सुरत स्वतःही कमी नव्हती. मुंबईची गोदी उभारणारा लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईला गेला.

बाकीचे सगळे घरी. तागाची लड सोडवून चातीवर पीळ द्यायचा, दुपदरी-तिपदरी दोरा करायचा आणि बांबूच्या सुईने जाळे विणायचे. आसाचे माप लाकडाच्या पट्टीवर धरले जाई. ही पट्टी घराण्याची असे, आणि बोंबलाच्या जाळ्याचा आस केवढा हे लिहून ठेवण्याची कोणाला गरज पडली नाही. समुद्रावर जाऊ न शकणारे म्हातारे हे काम वर्षभर करत. वजनासाठी दगड किंवा भाजलेल्या मातीचे मणी, तरंगण्यासाठी हलके लाकूड किंवा सुका भोपळा.

ताग आणि कापूस दोन्ही पाण्यात कुजतात. म्हणून सालीचा पाक लागे. ऐनाची साल कुटून मोठ्या तांब्याच्या किंवा लोखंडी भांड्यात उकळायची. पाणी गडद तांबडे झाले की त्यात जाळे बुडवून ठेवायचे, मग काढून वाळूवर पसरायचे. सालीतले टॅनिन तंतूत मुरते आणि कुजवणारे जंतू दूर राहतात. हा लेप टिकाऊ नसतो, खारे पाणी तो धुऊन काढते, म्हणून हंगामात पुन्हा पुन्हा हेच. जुन्या मच्छीमार वस्त्यांचा तांबूस रंग आणि उग्र वास यातूनच आलेला होता. जाळे जपण्यात जितके श्रम जात तितके ते ओढण्यातही जात नसतील.

इंग्रजी अमलात या सामानाची पहिली व्यवस्थित नोंद करणारा माणूस सर्जन फ्रान्सिस डे. हिंदुस्थानच्या मत्स्योद्योगाचा इन्स्पेक्टर जनरल म्हणून त्याने १८७३ मध्ये समुद्री मासे आणि मासेमारीवरचा अहवाल काढला. दहा वर्षांनी, १२ मे १८८३ रोजी, लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन उघडले. ऑक्टोबरअखेरपर्यंत सुमारे २७ लाख लोक ते पाहून गेले. जाळी, गळ, होड्यांचे नमुने, जिवंत माशांच्या टाक्या, मासे खारवण्याच्या पद्धती, जे जे मांडता येईल ते देशोदेशींहून आले होते. हिंदुस्थानचाही विभाग होता, आणि डेने त्या निमित्ताने हिंदी मासे व मासेमारीवर पुस्तिका लिहिली. जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली याने तिथल्या भाषणात कॉड, हेरिंग यांसारखी मोठी समुद्री मासेमारी बहुधा न संपणारी आहे असे मत मांडले. प्रदर्शनाच्या झगमगाटात ते पटलेही असेल. पुढच्या शंभर वर्षांत ते खोटे ठरले, आणि ठरवणाऱ्यांत त्या दालनांमधून जगभर गेलेली यंत्रेही होती. एवढे मात्र खरे की जाळे ही घराबाहेर, काचेच्या कपाटात ठेवून पाहण्याची आणि मागवण्याची वस्तू होऊ शकते, ही कल्पना अशा प्रदर्शनांनी रुजवली.

बर्फाची कहाणी याहून आधीची आणि बरीच विचित्र आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये कलकत्त्याला पहिला बर्फ पाठवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईला. हा बर्फ मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवरून घोड्याने ओढलेल्या दातेरी नांगराने चौकोनी लाद्या पाडून, भुशात गुंडाळून येई. त्याच भागातल्या तळ्यांवर हिवाळ्यात लोक बर्फाला भोके पाडून पिकरेल मासा धरत. हेन्री डेव्हिड थोरोने वॉल्डन तळ्याकाठी हे दोन्ही पाहिले आणि १८५४ च्या आपल्या पुस्तकात नोंदले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात कापलेल्या तिथल्या बर्फाचे गिऱ्हाईक सांगताना त्याने मुंबईचेही नाव घेतले. मुंबईत हा बर्फ साहेबांच्या ग्लासात आणि पारशी शेठांच्या मेजवानीत गेला. जमशेदजी जिजीभाईंनी दिलेल्या आइस्क्रीमच्या मेजवानीनंतर यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी त्या काळच्या वर्तमानपत्राने छापली होती. मासळीवर मात्र त्यातला तुकडाही पडला नसावा. तो चैनीच्या मोलाचा माल होता.

म्हणून सुरत-पालघर किनाऱ्याने वेगळी वाट धरली होती. बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. ताजा काही तासांत बिघडतो, पण बांबूच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगला की मिठाशिवाय उन्हात कडक होतो. वलांडी हे याच किनाऱ्याचे बर्फघर म्हणावे लागेल, आणि तिला भांडवल जवळपास शून्य. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वे सलग झाल्यावर सुक्या मासळीला बाजार लांबचा मिळाला. ताज्या मासळीला मात्र वाट पाहावी लागली. यांत्रिक होड्या स्वातंत्र्यानंतर, मुख्यतः पन्नासच्या दशकापासून, पसरल्या आणि त्यांच्याबरोबर कारखान्याचा बर्फ मासळीपर्यंत पोचला. होडीच्या पोटात लाकडी-थर्मोकोलचे कप्पे आले, फोडलेल्या बर्फाचे थर आले, आणि पापलेट, कोळंबीसाठी तीन-चार दिवस बाहेर राहणे परवडू लागले. तेव्हापासून डिझेल आणि बर्फ हे फेरीच्या खर्चाचे दोन मोठे आकडे झाले. ज्या घरात वर्षाला दोनदा ताग आणि काथ्या आणला जाई, तिथे आता दर फेरीला रोख मोजावी लागू लागली. मच्छीमार सहकारी सोसायट्या सातपाटीसारख्या गावांत तगल्या त्या याच गरजेमुळे.

धाग्याचा बदल याहून झटपट झाला. वॉलेस कॅरोथर्सने ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार केले; १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यात ते लोकांपुढे आले. मोजे गाजले, पण गळाच्या दोरीसाठीही ते सुरुवातीपासूनच वापरात होते. भारतात १९५७ मध्ये कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली आणि कृत्रिम धाग्याच्या जाळ्यांच्या चाचण्या पद्धतशीर सुरू झाल्या. १९६२ च्या सुमारास कोटा आणि मुंबईत देशी नायलॉन धागा निघू लागला. बडोद्याच्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सने १९७४ मध्ये नायलॉनचा कच्चा माल कॅप्रोलॅक्टम देशात प्रथमच बनवला. तिचा धाग्याचा कारखाना सुरत जिल्ह्यात कोसंब्याजवळ आहे. पुण्याच्या गरवारे वॉल रोप्सने १९७६ पासून दोर आणि जाळ्यांत जम बसवला. सुरत शहर तोवर जरीकडून रेयॉनकडे आणि रेयॉनकडून नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांकडे वळले होते. खानदेशातून आलेले हजारो मराठी कामगार उधना-लिंबायतच्या मागांवर हाच धागा चालवत होते, आणि त्याच रसायनाचा जाडा भाऊ किनाऱ्यावर जाळ्यात विणला जात होता. या दोन सुरतांचा एकमेकींशी फारसा परिचय नव्हता.

नायलॉन कुजत नाही, त्यामुळे सालीची भांडी एका पिढीत अडगळीत गेली. हलके जाळे, जास्त पकड, कमी मेहनत. कोणी तक्रार करण्याचे कारण नव्हते. तोटे नंतर दिसले. एकेरी तंतूचे जाळे पाण्यात जवळजवळ अदृश्य असते, तुटून तळाशी गेले तरी वर्षानुवर्षे मासे धरत राहते. यंत्रावर विणलेले जाळे इतके स्वस्त पडले की म्हाताऱ्यांचे विणकाम उरले ते सांधण्यापुरते.

खरेदीचा हंगाम मासेमारी-बंदीच्या दिवसांत येतो. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्या बंद असतात. होडी वर काढायची, रंगवायची, इंजिन उघडायचे, आणि नारळी पौर्णिमेच्या आत सामान भरायचे. दुकानात जाळे किलोवर विकले जाते. गिऱ्हाईक आधी आकडे बोलते: २१०/२/३ म्हणजे २१० डेनियरच्या धाग्याचे दोन-दोन पदर वळून तयार केलेल्या तीन लडींचा पीळ. मग आस किती मिलिमीटर, खोली किती आसांची, रंग कोणता. चांगले गिऱ्हाईक गाठ अंगठ्यांत धरून दोन्हीकडे ताणते. गाठ सरकली तर माल परत. पट्टीवर धरलेले घराण्याचे माप या आकड्यांत उतरले आहे, पण ठरवणारा आता बहुतेकदा व्यापारी असतो, कारण उधारीही त्याचीच असते. जाळ्याशेजारी शिशाच्या गोळ्या, फोमचे तरंगे, जीपीएस आणि मासे दाखवणारे यंत्र. फुरुनो बंधूंनी नागासाकीत १९४८ मध्ये असे यंत्र पहिल्यांदा बाजारात आणले होते.

अशा मालाची प्रदर्शनेही भरतात. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे १९७२ मध्ये स्थापन झालेली एम्पेडा, सीफूड शो भरवते. तिथे गर्दी निर्यातदारांची आणि शीतगृहवाल्यांची. सुरतेच्या सरसाणा येथील मोठ्या दालनांत दक्षिण गुजरात चेंबर (स्थापना १९४०) कापडयंत्रांचे सिटेक्स भरवते; तिथे माग आणि वार्पिंग यंत्रे पाहायला मिळतात, जाळे नव्हे. मिनेसोटातल्या सेंट पॉलला दर डिसेंबरला भरणारा बर्फावरच्या मासेमारीचा मेळा पाहिला तर चित्र उलटे दिसते. तिथे भोक पाडायचे गिरमिट, तंबू, शेगडी, मासे दाखवणारे यंत्र, सगळे हौशी माणसासाठी, आणि एका पिकरेलमागे सामान एवढे की मासा बाजारात घेतलेला परवडावा.

सुरतेच्या डोलकरांना तेवढा ऐवज मिळाला नाही, उलट जागाच आटत गेली. १९७२ मध्ये उकाई धरण झाले आणि तापीचे गोडे पाणी समुद्रात कमी येऊ लागले. १९९५ मध्ये सिंगणपोरचा बंधारा झाला. ऐंशीच्या दशकापासून हाजिऱ्याला खत, पोलाद, वायू आणि बंदर यांचे प्रकल्प उभे राहिले. खुंट ठोकायच्या जागा जहाजांच्या वाटेत आल्या. अनेक खलाशी आणि तांडेल सौराष्ट्रातल्या मोठ्या होड्यांवर कामाला जातात.

गुजरातच्या २००३ च्या मत्स्योद्योग कायद्यानंतर ट्रॉल जाळ्याच्या खोळीचा आस किमान ४० मिलिमीटर आणि चौकोनी असावा असा नियम झाला. डोलीची अडचण वेगळी. तिचे शेपूट बारीक आसाचे नसेल तर जवळा आणि बोंबील निसटतील, आणि बारीक असेल तर इतर माशांची पिल्लेही अडकतील. दुकानदार मागितलेल्या आसाचे जाळे तोलून देतो. कोणते मागायचे, हा प्रश्न जाळे विणणाऱ्याकडून आता विकत घेणाऱ्याकडे आला आहे.