घरसामान स्थलांतर करार : काल्हेर-भिवंडी पट्ट्यातील संज्ञा

शिफ्टिंग कंपनी, म्हणजे रोजच्या भाषेत पॅकर्स-मूव्हर्सवाले, आणि ग्राहक यांच्यात घरगुती सामान बांधणे, भरणे, नेणे, उतरवणे व गरज पडल्यास गोदामात ठेवणे यासाठी होणारा करार. हा करार सहसा एका कागदावर नसतो. कोटेशन, पॅकिंग लिस्ट, बिल्टी, विम्याचा कागद आणि बिलामागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी मिळून तो बनतो. त्यामुळे वाद झाला की ग्राहकाच्या हाती नेमका हवा तोच कागद नसतो.

ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडल्यावर लागणारे काल्हेर हे भिवंडी तालुक्यातील गाव. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर पण मुंबईजवळ असल्याने काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली या गावांत गोदामांची ‘कंपाउंड’ उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामे राहिली. त्याच रस्त्याला आता निवासी इमारतीही आहेत. म्हणजे घर बदलणारी कुटुंबे आणि परगावी निघालेले सामान जिथे थांबते ते गाळे, दोन्ही येथे शेजारी-शेजारी आहेत.

व्यवहाराची सुरुवात ‘सर्व्हे’ने होते. कंपनीचा माणूस घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान पाहतो आणि कोटेशन देतो. त्यात भाडे, पॅकिंग, भराई-उतराई, विमा आणि कर हे आकडे वेगळे मांडलेले असावेत. नुसती ‘सर्व मिळून’ रक्कम पाहून होकार देणे पुढे महागात पडते. का, ते बिल्टीच्या कायद्यात दिसते.

‘बिल्टी’, ‘एलआर’ किंवा ‘जीआर’ ही माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती. १८६५ चा जुना कॅरियर्स अ‍ॅक्ट जाऊन त्याजागी आलेला कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ हा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यानुसार माल देणाऱ्याने मालाचे वर्णन व किंमत लिहिलेली ‘फॉरवर्डिंग नोट’ द्यायची आणि वाहतूकदाराने बिल्टी द्यायची. व्यवहारात फॉरवर्डिंग नोट बहुतेकांना दाखवलीही जात नाही. ती मागून घ्यावी, कारण नुकसानभरपाईचा हिशेब तिच्यावर चालतो. माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत, मर्यादित असते. जास्त जोखमीचा दर कबूल करून वरची किंमत लिहून घेतली असेल तरच ही मर्यादा ओलांडता येते. समजा, एका कुटुंबाचे एकूण बिल ४०,००० रुपये आहे, पण बिल्टीवर ‘भाडे’ म्हणून १५,००० च लिहिले आहेत आणि बाकीची रक्कम पॅकिंग-हमालीत दाखवली आहे. सामान पाच लाखांचे असले तरी मर्यादा दीड लाखावर येते. करारातील सर्वांत महत्त्वाचा आकडा तळाची बेरीज नव्हे, तर ‘भाडे’ या शब्दासमोरचा आकडा आहे.

पोहोचण्याच्या तारखेचेही असेच. फॉरवर्डिंग नोटमध्ये मुदत नमूद असेल, तर त्या मुदतीतल्या उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई भाड्याच्या रकमेपुरती असते; मुदत उलटली की भरपाईचे वरचे नियम लागू होतात. ‘चार-पाच दिवसांत पोहोचेल’ हे फोनवरचे वाक्य येथे उपयोगी पडत नाही.

‘ओनर्स रिस्क’ म्हणजे जोखीम मालकाची. हा शिक्का बिल्टीवर दिसला तरी ग्राहकाने हात टेकू नयेत. भरपाईच्या दाव्यात वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार कायद्याने ग्राहकावर टाकलेला नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशा कारणांना सूट आहे. पण योग्य काळजी घेऊन नुकसान टळले असते तर तीही सूट मिळत नाही. मुसळधार पाऊस ही आपत्ती असेल. फाटकी ताडपत्री नव्हे.

‘एफओव्ही’ आणि ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ यांची गल्लत फार होते. पहिला हा मालाच्या जाहीर किमतीवर टक्केवारीने वाहतूकदार स्वतः घेतो तो जोखीम-आकार. दुसरा विमा कंपनीचा करार, आणि त्याचा पुरावा म्हणजे विमा कंपनीची पॉलिसी किंवा प्रमाणपत्र. बिलावर ‘इन्शुरन्स’ नावाची ओळ आहे आणि पॉलिसी नंबर नाही, तर विमा उतरवलेला नाही असेच धरावे. पॉलिसीतही इनलँड ट्रान्झिट क्लॉज पाहायचा. ‘ए’ सर्वांत व्यापक, ‘बी’मध्ये आगीसह टक्कर, गाडी उलटणे, पूल कोसळणे वगैरे, ‘सी’मध्ये फक्त आग व वीज. कपाटाची काच हाताळताना फुटली, तर ‘बी’ किंवा ‘सी’ कामाचा नाही.

‘पॅकिंग लिस्ट’मध्ये प्रत्येक खोक्याचा क्रमांक आणि वस्तूची अवस्था असते. लिहिणारा बहुधा सरसकट ‘जुने, ओरखडे’ असे लिहून मोकळा होतो. चकचकीत फ्रिजसमोर तो शेरा पडला आणि खाली सही झाली की उतरवताना पडलेला पोचा आधीचाच ठरतो. घरच्यांनी स्वतः भरलेल्या खोक्यावर ‘आतील माल तपासलेला नाही’ असे लिहितात. त्यातल्या फुटीबद्दल दावा टिकवणे कठीण जाते. उतरवून घेताना ‘माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली सही करण्यापूर्वी खोकी उघडावीत. वेळ नसेल तर ‘न तपासता घेतले’ असे हाताने लिहावे आणि फोटो काढून ठेवावेत.

‘फुल लोड’मध्ये गाडीत एकाच घराचे सामान असते. ‘पार्ट लोड’मध्ये अनेकांचे असते आणि गाडी भरेपर्यंत ते गोदामात थांबते. काल्हेरचा संबंध येथे थेट येतो. करारात गोदामाचा पत्ता, थांबण्याचे जास्तीत जास्त दिवस आणि सामान जमिनीपासून उंचावर ठेवण्याची अट असावी. गोदामात असताना सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूंची घेईल तेवढी काळजी भारतीय करार कायदा, १८७२ ला अपेक्षित असते. ‘डेमरेज’ म्हणजे मुदतीनंतर सामान न उचलल्याचा आकार, ‘हॉल्टिंग’ म्हणजे गाडी खोळंबल्याचा. अवजड वाहनांच्या प्रवेशबंदीमुळे किंवा सोसायटीने गाडी गेटवर अडवल्यामुळे झालेला खोळंबा कोणाच्या माथी, हे आधीच ठरवावे.

‘वाराई’ म्हणजे भराई-उतराईसाठी घेतली जाणारी रक्कम. मालवाहतूकदारांची भूमिका ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी असते, आणि घरसामानात ‘ज्याचा माल’ तो ग्राहकच. कोटेशनमध्ये ‘दोन्ही टोकांची हमाली समाविष्ट, मजला अमुक, लिफ्ट आहे किंवा नाही’ एवढी ओळ असली की दारातली घासाघीस टळते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. त्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नयेत.

‘लियन’ म्हणजे मोबदला मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क. तो ठरलेल्या मोबदल्यापुरता असतो. मुक्कामी पोहोचल्यावर नव्याने काढलेल्या रकमेसाठी ट्रकची कडी न उघडणे त्यात बसत नाही.

नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांत वाहतूकदाराला द्यावी लागते, दावा तिच्यानंतरच. ‘फक्त मुंबई न्यायकक्षा’ ही अट छापलेली असली तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे काल्हेरच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.