मैदानी आवाज आणि फीत

पोवाडा छापून ठेवायचा कसा, हे आपल्याला १८९१ सालीच समजले होते. हॅरी ॲकवर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी त्या वर्षी इतिहासप्रसिद्ध व्यक्तींवरचे पोवाडे जमवून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचे ऋण मोठेच. पण एडिसनचा फोनोग्राफ १८७७ पासून जगात होता, तरी कागदावर आले ते शब्द. आवाज आला नाही. ‘जी जी रं जी’ ही अक्षरे छापता येतात. झीलकरी ती डफाच्या वर कशी भिरकावतात आणि तेवढ्यात शाहीर दम कसा घेतो, हे शाईला कुठून जमावे?

१९०२ च्या नोव्हेंबरात गेस्बर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. म्हणजे बुलंद आवाजाची तिथे चांदीच असायला हवी. पण आवाज फारच चढला की रेघ बिघडायची. म्हणून चढ्या सुराला गाणाऱ्याला मागे सरकावे लागे. शिवाय तबकडी तीनेक मिनिटांची. पोवाड्यात तेवढ्या वेळात नमनसुद्धा आटोपत नाही!

१९२५ नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि कुजबुजल्यासारखे गाणेही लाखोंच्या कानी जाऊ लागले. गोड, मऊ गळ्यांचे राज्य सुरू झाले ते तिथून. शाहिराचा गळा वेगळ्याच कामासाठी घडलेला. उघड्या माळावर, वाऱ्यात, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा, तर गळा ताणावा लागतो, आवाजाला धार द्यावी लागते. माणसाचा कान साधारण दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि ही धार नेमकी तिथेच लागते. लांबून ती हवीहवीशी वाटते. वीतभर अंतरावरच्या माईकला मात्र ती ओरखड्यासारखी लागते. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. माळावरच्या श्रोत्याला हा उतार आपोआप मिळतो, माईकला मिळत नाही.

अमर शेख यांची आठवण इथे अटळ आहे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभे राहिले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज हीच एक फौज झाली. १९६९ मध्ये जुलैत अण्णा भाऊ गेले, ऑगस्टात अमर शेख. माझ्या पिढीने त्यांना मैदानात ऐकलेले नाही. जे ध्वनिमुद्रण आज कानी पडते, त्यात शब्द आहेत, चालही आहे. पण समोरची गर्दी नाही, आणि गर्दीवाचून तो आवाज अर्धाच. शाहीर साबळे यांच्या आवाजातले महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. ते मुद्रण उत्तम आहे, यात वाद नाही. पण स्टुडिओच्या चार भिंतींत वाद्यवृंदासह गाणारा शाहीर आणि फडावर उभा ठाकलेला शाहीर यांत फरक राहणारच.

पुढे घराघरांत कॅसेट आली. त्या छोट्या रेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असे. शाहिराने आरोळी ठोकली की यंत्र घाबरून आवाज दाबायचे. त्यासरशी डफही बुडायचा. मग शाहीर क्षणभर थांबला की यंत्र हळूहळू कान टवकारायचे आणि समोरच्या माणसांचा खोकला, पोरांचे रडणे दणक्यात मुद्रित व्हायचे. नाट्य घडायचे त्या विरामात, आणि फितीवर मात्र खोकला! तरीही चुंबकीय फितीला थोडी माया होती. आवाज जास्त झाला तर ती तो हळूहळू चेपायची. आजच्या मोबाइलला ती नाही. मर्यादा ओलांडली की ध्वनिलहरीचा माथा सपाट छाटला जातो, आणि छाटलेला माथा नंतर कुठल्याही उपायाने तंतोतंत परत येत नाही.

आता जत्रेतले पोवाडे मोबाइलवरच टिपले जातात आणि उद्याची मुले शाहिरी ऐकतील ती त्यांतूनच. ‘किती कर्कश!’ असे म्हणून ती कान झाकतील, आणि दोष मात्र गळ्याच्या माथी जाईल. उपाय महागडे नाहीत. यंत्र भोंग्यासमोर ठेवू नये. मंचापासून चार पावले मागे, किंचित बाजूला ठेवावे. मुद्रणाची पातळी उतरवून ठेवावी. हळू आवाज नंतर वाढवता येतो. जमल्यास दुसरे यंत्र श्रोत्यांत असावे. आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणून पातळी ठरवू नये. डफ शेकून ताणला जात असतो, तेव्हाच शाहिराला आणि झीलकऱ्यांना विनंती करावी, की बुवा, तुमची सगळ्यांत चढी ‘जी’ एकदा होऊन जाऊ द्या.