वीजतंत्री पुनर्प्रशिक्षण

मूळ व्यवसाय सुटलेल्या प्रौढ व्यक्तीस वीजमांडणी, जोडणी व दुरुस्ती ही कामे शिकवून नव्या उपजीविकेसाठी तयार करणारे प्रशिक्षण. भारतात अशा प्रशिक्षणास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस संघटित रूप आले. सेवामुक्त सैनिकांसाठी केंद्र शासनाने जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन केले. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांच्या प्रशिक्षणाचे कामही त्याच्याकडे आले. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा विस्तार झाला व १९५६ मध्ये त्यांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे सोपविण्यात आले.

पुढे या संस्थांत मुख्यतः शाळा सोडलेले तरुणच येऊ लागले. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने कुटुंबाचा भार वाहणाऱ्या प्रौढास तेवढा काळ मिळकतीवाचून काढणे अवघड असते. शिवाय केवळ कौशल्य पुरेसे नसते. सदोष जोडणीमुळे आग लागण्याचा वा विजेचा धक्का बसण्याचा धोका असल्याने, भारतीय वीज नियम, १९५६ अन्वये वीजमांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराने प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करणे बंधनकारक झाले.

१९८२ च्या संपानंतर मुंबईतील हजारो गिरणी कामगार बेकार झाले, तेव्हा प्रौढांच्या व्यवसायांतराचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. १९९१ च्या आर्थिक धोरणापाठोपाठ, फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला. पुनर्प्रशिक्षण हे त्याचे एक उद्दिष्ट होते. तथापि बहुतांश रक्कम सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाली. ज्या प्रौढांच्या गरजेतून ही व्यवस्था जन्मली, त्यांना पुढे तिचा लाभ अल्पच मिळाला.